खडकाचा पोत आणि समीक्षेची रीत : वेस्टन, ॲडम्स, मॉर्टेन्सन आणि अमेरिकी निसर्गछायाचित्रण

प्रास्ताविक

'पोत' हा शब्द मराठीत मुळात वस्त्राच्या संदर्भात वापरला जातो. लुगड्याचा पोत पाहायचा तर ते दोन बोटांत धरून चाचपावे लागते. पुढे गद्याचा पोत, गायकीचा पोत असे लाक्षणिक प्रयोग रूढ झाले, तरी त्या शब्दातील स्पर्शाची आठवण पुसली गेली नाही. छायाचित्राच्या बाबतीत मात्र एक अडचण उभी राहते. छायाचित्र हाताला नेहमी कागदच लागते. त्यातील खडक खरखरीत आहे, शेवाळ ओलसर आहे, झाडाची साल भेगाळलेली आहे, ही सर्व प्रतीती केवळ डोळ्याला होते. मग जो पोत दिसतो तो वस्तूचा, तिच्यावर पडलेल्या तिरप्या प्रकाशाचा, भिंगाचा, कागदाचा की छायाचित्रकाराच्या हाताचा, असा प्रश्न साहजिकच निर्माण होतो. निसर्गातील पोताचे चित्रण करणाऱ्या छायाचित्रांची समीक्षा विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात अमेरिकेत याच प्रश्नाभोवती घडत गेली.

संस्कृत परंपरेत 'टीका' म्हणजे ग्रंथाचे पदशः विवरण. व्यवहारातल्या मराठीत त्याच शब्दाला दोषदर्शनाचा अर्थ चिकटला. हे दोन्ही अर्थ एकाच व्यक्तीच्या लेखनव्यवहारात कसे नांदू शकतात याचे ठळक उदाहरण म्हणजे अमेरिकी छायाचित्रकार ॲन्सेल ॲडम्स (१९०२–१९८४). १९३१ साली त्यांनी एडवर्ड वेस्टन यांच्या चित्रांवर लिहिलेले परीक्षण पहिल्या अर्थाच्या जवळचे आहे. १९३४ च्या सुमारास त्यांनी विल्यम मॉर्टेन्सन यांच्याशी घातलेला वाद दुसऱ्या अर्थाचा. पहिल्यातून एका कलावंताला स्वतःचे म्हणणे अधिक नेमके मांडता आले, तर दुसऱ्यातून एक कलावंत इतिहासाच्या पानांवरून जवळजवळ नाहीसा झाला. या दोन प्रसंगांचा आणि त्यांच्या आगेमागे असलेल्या समीक्षाव्यवहाराचा विचार प्रस्तुत निबंधात केला आहे.

पूर्वपीठिका : पोत कोणाचा?

एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस छायाचित्रणाला ललितकलेचा दर्जा मिळावा म्हणून जी चळवळ झाली तिने चित्रकलेचा आदर्श समोर ठेवला. मऊ भिंगे, धूसर कडा, गम बायक्रोमेट किंवा ब्रोमॉइलसारख्या मुद्रणप्रक्रिया, जाडाभरडा कागद यांचा उपयोग करून छायाचित्राला रेखाटनाचे किंवा जलरंगचित्राचे रूप दिले जाई. अशा चित्रात पोत भरपूर असे, पण तो कुंचल्याचा व कागदाचा असे. समोरचे झाड, पाणी, दगड यांचा स्वतःचा पोत या संस्कारांखाली दबून जाई.

याविरुद्ध पहिला स्पष्ट आवाज उठवणाऱ्यांत समीक्षक सादाकिची हार्टमन हे होते. १९०४ साली पिट्सबर्ग येथील कार्नेगी इन्स्टिट्यूटमध्ये भरलेल्या 'फोटो-सेसेशन' या गटाच्या प्रदर्शनावर लिहिताना त्यांनी निगेटिव्हवर ओरखडे काढण्याच्या आणि कुंचला फिरवण्याच्या प्रथेवर आक्षेप घेतला व सरळ, संस्काररहित छायाचित्रणाचा पुरस्कार केला. हा गट आल्फ्रेड स्टिगलिट्झ यांचा. हार्टमन त्यांच्या वर्तुळातलेच होते, ही गोष्ट महत्त्वाची आहे. बाहेरच्याने केलेली टीका हेतूवर बोट ठेवून झटकता येते. घरच्याच माणसाने केलेली टीका तशी झटकता येत नाही.

पुढे स्टिगलिट्झ स्वतःच सरळ छायाचित्रणाचे अग्रणी झाले आणि त्यांनाही एका वेगळ्या टीकेला तोंड द्यावे लागले. त्यांच्या व्यक्तिचित्रांचे सामर्थ्य हे समोरच्या माणसावर पडणाऱ्या त्यांच्या संमोहक प्रभावामुळे आहे, असे मत लेखक वॉल्डो फ्रँक यांनी मांडले. स्टिगलिट्झ यांना ते चांगलेच झोंबले. १९२२ साली त्यांनी कॅमेरा आकाशाकडे वळवला. ढगाला संमोहित करता येत नाही, तो कोणाच्या मालकीचा नाही आणि त्याच्यासाठी पैसेही मोजावे लागत नाहीत. १९२३ साली एका ब्रिटिश नियतकालिकात या ढगचित्रांची जन्मकथा त्यांनी स्वतः सांगितली. हीच मालिका पुढे 'इक्विव्हॅलंट्स' म्हणून प्रसिद्ध झाली. टीकेला प्रतिवादाने उत्तर न देता कामाने उत्तर देण्याचा हा प्रकार होता, अर्थात निबंध लिहून ते उत्तर जगाला समजावून सांगण्याचा मोह स्टिगलिट्झ यांनाही आवरला नाही. या ठिकाणी एक भारतीय धागा नोंदवण्याजोगा आहे. १९२४ साली बोस्टनच्या ललितकला संग्रहालयाने स्टिगलिट्झ यांची २७ छायाचित्रे स्वीकारली, ती तेथील भारतीय कलाविभागाचे प्रमुख आनंद कुमारस्वामी यांच्या पुढाकाराने. अमेरिकेतील मोठ्या कलासंग्रहालयाने छायाचित्रांना कलाकृती म्हणून संग्रहात स्थान देण्याच्या अगदी आरंभीच्या घटनांपैकी ही एक होय.

शिंपले, ढोबळी मिरची आणि एक प्रश्न

एडवर्ड वेस्टन (१८८६–१९५८) यांनीही सुरुवात धूसर चित्रांपासूनच केली होती. १९२० च्या दशकात मेक्सिकोतील वास्तव्यानंतर त्यांची दृष्टी पूर्ण पालटली. १९२७ मध्ये त्यांनी शिंपल्यांची चित्रे घेतली. १९२९ च्या आरंभी ते कॅलिफोर्नियातील कार्मेल येथे राहावयास गेले आणि जवळच्या पॉइंट लोबोस या किनाऱ्यावरील झिजलेले खडक, सायप्रसची पिळवटलेली मुळे, समुद्रशेवाळ हे त्यांचे विषय झाले. त्यासोबत घरात भाज्याही होत्या : कोबीचे पान, उभा चिरलेला आर्टिचोक, कापलेला कांदा आणि ढोबळी मिरची. १९३० च्या ऑगस्टमध्ये घेतलेली ३० क्रमांकाची मिरची सर्वज्ञात आहे. पत्र्याच्या नरसाळ्याच्या तोंडात ठेवलेल्या त्या मिरचीवर प्रकाश असा पसरला आहे की तिची कातडी कोठे संपते आणि वळण कोठे सुरू होते हे पाहणाऱ्यास सांगता येऊ नये.

वेस्टन यांची कार्यपद्धती साधी आणि कठोर होती. आठ बाय दहा इंचांचा कॅमेरा, अत्यंत लहान केलेले भिंगाचे छिद्र, त्यामुळे लांबलेला प्रकाशनकाल आणि निगेटिव्ह थेट कागदावर ठेवून त्याच आकाराची काढलेली प्रत. मोठे करणे नाही, काटछाट नाही. या पद्धतीत चुकीला लपायला जागा राहत नाही. खडकाच्या पृष्ठभागावरील प्रत्येक कण स्वतःची बारीकशी सावली टाकतो आणि ती सावली प्रतीत उतरली तरच तो कण दिसतो. पोत म्हणजे अखेर या सूक्ष्म सावल्यांची वीण होय.

या चित्रांवरील सर्वांत चमत्कारिक टीका मेक्सिकोतून आली. वेस्टन यांनी शिंपल्यांच्या प्रती टीना मोदोत्ती यांना पाठवल्या होत्या आणि त्यांनी त्या तेथील चित्रकारांना दाखवल्या. दिएगो रिव्हेरा यांनी त्या पाहिल्यावर वेस्टन सध्या आजारी आहेत काय, अशी विचारणा केली, असे मोदोत्ती यांनी कळवले. शिंपल्यांच्या वळणांत त्यांना शारीर सूचन दिसले होते. वेस्टन चकित झाले. चित्रे घेताना आपल्या मनात असे काही नव्हते, असे त्यांनी दैनंदिनीत नोंदवले. तथापि त्या प्रतिक्रिया त्यांनी दडवल्या नाहीत, सविस्तर उतरवून ठेवल्या. पाहणाऱ्याला दिसते ते आणि करणाऱ्याला अभिप्रेत असते ते यांत अंतर असू शकते याची ही नोंद आहे. ते अंतर कसे मिटवावे हे मात्र त्यांना त्या वेळी सांगता आले नाही. त्यासाठी अधिक नेमका आक्षेप घेणारा वाचक हवा होता.

१९३१ चे परीक्षण

तो वाचक ॲन्सेल ॲडम्स यांच्या रूपाने भेटला. १९३१ च्या अखेरीस सॅन फ्रान्सिस्कोच्या डी यंग संग्रहालयात वेस्टन यांच्या चित्रांचे मोठे प्रदर्शन भरले होते आणि ॲडम्स 'द फोर्टनाइटली' या स्थानिक नियतकालिकात छायाचित्रणावर लिहीत होते. वेस्टन पंचेचाळिशीचे, नावाजलेले. ॲडम्स एकोणतिसाव्या वर्षी पियानोवादन सोडून छायाचित्रणाकडे नुकतेच वळलेले. त्यांचे स्वतःचे काम बदलत होते. १९३० साली न्यू मेक्सिकोतील ताओस येथे पॉल स्ट्रँड यांनी आपल्या निगेटिव्ह त्यांना उजेडात धरून दाखवल्या होत्या आणि त्यानंतर ॲडम्स यांनी तोवर आवडीने वापरलेला पोतदार कागद सोडून गुळगुळीत, चकाकणारा कागद हाती घेतला होता. कागदाचा पोत काढून टाकला की वस्तूचा पोत पुढे येतो, हा धडा त्यांनी स्वतः नुकताच गिरवला होता.

अशा स्थितीत ज्येष्ठाची स्तुती करून मोकळे होणे सोपे होते. ॲडम्स यांनी तसे केले नाही. वेस्टन यांच्या थोरवीबद्दल शंका न ठेवता त्यांनी चित्रांत प्रतवारी लावली. खडक पूर्णपणे साधले आहेत, भाज्या त्या मानाने कमी आणि भाज्यांचे आडवे-उभे छेद सर्वांत कमी, असा त्यांचा अभिप्राय होता. आक्षेपाचे मर्म असे की, खडकात वस्तू स्वतः बोलते. भाजीत मात्र छायाचित्रकार तिच्यावर एखादा अर्थ लादू पाहतो. म्हणजे कागदाचा कृत्रिम पोत गेला, तरी अर्थाचा कृत्रिम पोत शिल्लक राहू शकतो. हा आक्षेप सूक्ष्म होता आणि तो ठरावीक चित्रांकडे बोट दाखवून घेतलेला होता. 'काहीतरी कमी पडते' अशा मोघम वाक्याने कोणाचे भले होत नाही. कोबी कोठे कमी पडतो आणि खडक कोठे पडत नाही, हे सांगितल्यावर उत्तर देता येते.

उत्तर आलेही. १९३२ च्या जानेवारीअखेर वेस्टन यांनी ॲडम्स यांना दीर्घ पत्र लिहिले. परीक्षणातील विचारीपणाबद्दल त्यांनी समाधान व्यक्त केले आणि मग भाज्यांची बाजू घेतली. कोणताही कलावंत निसर्गात नसलेला आकार कल्पू शकत नाही, सर्व आकार एकमेकांशी नाते सांगतात, मग खडक श्रेष्ठ आणि मिरची कनिष्ठ कशी, असा त्यांचा युक्तिवाद होता. पण पत्रातील सर्वांत मोलाचा भाग वेगळाच आहे. मिरचीला मिरचीहून अधिक काही करणे, असा शब्दप्रयोग आपण पूर्वी केला होता आणि तो निष्काळजीपणाचा होता, हे त्यांनी मान्य केले. मिरचीपेक्षा वेगळे असे काही त्यांना अभिप्रेत नव्हते. तिचाच आकार आणि तिचाच पोत अधिक तीव्र करून दाखवणे एवढेच अभिप्रेत होते.

वेस्टन यांनी येथे मत बदलले असे म्हणता येणार नाही. भाज्या त्यांनी मागे घेतल्या नाहीत. त्यांनी शब्द दुरुस्त केले आणि शब्द दुरुस्त करताना स्वतःच्या कलेची अधिक काटेकोर व्याख्या त्यांच्या हाती लागली. पाच वर्षांपूर्वी रिव्हेरा यांच्या प्रश्नाला जे उत्तर देता आले नव्हते ते ॲडम्स यांच्या आक्षेपाला देता आले, कारण रिव्हेरा यांचा प्रश्न चित्रकर्त्याच्या प्रकृतीविषयी होता आणि ॲडम्स यांचा चित्राविषयी. टीका स्वीकारणे म्हणजे ती मान्य करणे असा एक समज अध्यापनाच्या क्षेत्रातही आढळतो. या पत्रव्यवहारात तो टिकत नाही.

त्याच वर्षी हे दोघे एकत्र आले. १५ नोव्हेंबर १९३२ रोजी डी यंग संग्रहालयात 'ग्रुप एफ/६४' चे पहिले प्रदर्शन उघडले. वेस्टन, ॲडम्स, इमोजेन कनिंगहॅम, विलर्ड व्हॅन डाइक, सोन्या नॉस्कोवियाक, जॉन पॉल एडवर्ड्स आणि हेन्री स्विफ्ट हे सात सदस्य व त्यांच्यासोबत चार निमंत्रित, अशी अकरा जणांची ८० चित्रे त्यात होती. ६४ हा भिंगाच्या अगदी लहान छिद्राचा अंक आहे. त्या छिद्रातून जवळचे गवत आणि दूरचा डोंगर सारखाच रेखीव उमटतो. गटाच्या जाहीरनाम्यात शुद्ध छायाचित्रणाची व्याख्या केलेली होती : अन्य कोणत्याही कलेकडून उसने घेतलेले तंत्र, रचना वा कल्पना ज्यात नाही ते. त्याच जाहीरनाम्यात, गटाबाहेरच्या छायाचित्रकारांबद्दल या निवडीतून कोणतेही हीन मत सूचित होत नाही, असेही नमूद केले होते. हे दुसरे कलम फार काळ पाळले गेले नाही.

मॉर्टेन्सन प्रकरण

विल्यम मॉर्टेन्सन (१८९७–१९६५) यांची लगुना बीच येथे छायाचित्रणाची शाळा होती आणि त्यांची पुस्तके त्या काळी मोठ्या प्रमाणावर वाचली जात. हॉलिवूडच्या चित्रपटसृष्टीत काम केलेले मॉर्टेन्सन स्टुडिओत पात्रे उभी करून चित्रे रचत. निसर्ग हा त्यांचा विषय नव्हता. तरी पोताच्या प्रश्नात ते थेट गुंतलेले होते. प्रत काढल्यावर तिचा पृष्ठभाग वस्तऱ्याच्या पात्याने खरवडणे, त्यावर भुकटी व पेन्सिलीने काम करणे, मोठे करताना कागदावर पोताचे जाळीदार पडदे ठेवणे या त्यांच्या खास रीती. त्यांच्या दृष्टीने पोत हा छायाचित्रकाराने द्यायचा असतो.

सॅन फ्रान्सिस्कोहून निघणाऱ्या 'कॅमेरा क्राफ्ट' या मासिकात १९३४ साली दोन्ही बाजू वाचकांसमोर आल्या. वर्षाच्या आरंभी ॲडम्स यांनी आपल्या तंत्राचे विवरण करणारी लेखमाला लिहिली. पाठोपाठ मॉर्टेन्सन यांची 'व्हीनस अँड व्हल्कन' ही पाच भागांची लेखमाला प्रसिद्ध झाली. कला म्हणजे निवड आणि गौण-प्रधान भाव. जे भिंग सर्व काही सारख्याच बारकाव्याने टिपते ते निवड करत नाही, म्हणून केवळ रेखीवपणा ही कला नव्हे, असे मॉर्टेन्सन यांचे प्रतिपादन होते. हा युक्तिवाद दुबळा नव्हता. पॉइंट लोबोसचा प्रत्येक खडक पोतदार आहे; त्यातला एकच चित्रात का यावा, याचे उत्तर छिद्राच्या अंकात सापडत नाही. शिवाय 'शुद्ध' म्हणवणाऱ्या ॲडम्स यांच्या प्रतीही अंधाऱ्या खोलीत काही भाग उजळून, काही गडद करून घडवलेल्या असत. १९४० च्या सुमारास फ्रेड आर्चर यांच्यासह त्यांनी बांधलेली 'झोन पद्धती' ही तर छटांवर काटेकोर नियंत्रण ठेवण्याचीच पद्धती होती. नियंत्रण दोघांनाही हवे होते. ते कोठे थांबवावे याबद्दल मतभेद होता.

असा मतभेद चित्रे समोर ठेवून, तपशिलाने मांडता आला असता. वेस्टन यांच्या बाबतीत खडक, भाज्या आणि छेद अशी प्रतवारी लावणाऱ्या लेखकाकडे ती क्षमता निश्चित होती. मॉर्टेन्सन यांच्या कोणत्या चित्रात खरवडलेला पोत वस्तूला मारक ठरतो आणि कोठे तो काही साधतो, हे पाहण्याची तयारी मात्र ॲडम्स यांनी दाखवली नाही. पुढे ते मॉर्टेन्सन यांचा उल्लेख 'अँटी-ख्राइस्ट', म्हणजे ख्रिस्तद्रोही, असा करीत. हा शब्द धर्मबहिष्काराच्या परिभाषेतला आहे आणि त्याला चित्रातून उत्तर देता येत नाही. मिरचीवरील आक्षेपाला दीर्घ पत्राने उत्तर देता आले. या विशेषणाला काय उत्तर द्यावे?

काळाचा आक्षेप

त्याच सुमारास ॲडम्स आणि वेस्टन यांच्यावरही एक आक्षेप येऊ लागला होता. महामंदीचे दिवस होते. लाखो लोक बेकार असताना खडक आणि शिंपले यांची चित्रे काढण्यात कसली थोरवी, असा तो प्रश्न. ग्रुप एफ/६४ मधल्याच व्हॅन डाइक यांना तो पटला. ते सामाजिक आशयाच्या माहितीपटांकडे वळले आणि १९३५ पर्यंत गट विसकटला. ॲडम्स मात्र १९३४ साली वेस्टन यांना लिहिलेल्या पत्रात म्हणतात की, खडकालाही सामाजिक महत्त्व आहे, किंबहुना बेकारांच्या रांगेपेक्षा अधिक आहे. हे विधान आजही खटकते. त्यातील पहिला अर्धा भाग समर्थनीय आहे. दुसऱ्या अर्ध्यात प्रतिवादाच्या भरात तोल गेलेला दिसतो. जग कोसळत असताना ही मंडळी खडकांची चित्रे घेत बसली, अशा आशयाचा एक उद्गार फ्रेंच छायाचित्रकार आंरी कार्तिए-ब्रेसाँ यांच्या नावावरही सांगितला जातो.

न्यूयॉर्कमधील ॲरन सिस्किंड यांचा अनुभव नेमका उलट दिशेचा. ते 'फोटो लीग' या समाजाभिमुख संस्थेत हार्लेम वस्तीच्या चित्रणात आघाडीवर होते. विषय बदलू लागल्यावर सहकाऱ्यांची नाराजी झाली आणि १९४१ च्या सुमारास ते संस्थेपासून दूर झाले. पुढील उन्हाळ्यांत मॅसॅच्युसेट्सच्या किनाऱ्यावर दोरखंड, समुद्रशेवाळ, दगड यांच्या जवळून घेतलेल्या चित्रांत त्यांना स्वतःची भाषा सापडली. समीक्षा जर विषयावरच अडून बसली, तर कलावंताला त्या वर्तुळाबाहेर पडण्यावाचून पर्याय राहत नाही.

मौनाची समीक्षा

स्टिगलिट्झ यांचे न्यूयॉर्कमधील 'ॲन अमेरिकन प्लेस' हे दालन या काळात छायाचित्रकारांचे परीक्षास्थान होते. १९३३ साली ॲडम्स तेथे गेले तेव्हा स्टिगलिट्झ यांनी त्यांच्या प्रती आरंभापासून अखेरपर्यंत दोनदा, एक शब्दही न बोलता पाहिल्या. बसायला दुसरी जागा नसल्याने ॲडम्स तोवर गरम रेडिएटरवर बसून होते, ही आठवण त्यांनीच लिहून ठेवली आहे. त्यानंतर मनापासून प्रशंसा झाली आणि १९३६ मध्ये प्रदर्शनही.

एलियट पोर्टर (१९०१–१९९०) यांना असे लगेच यश आले नाही. हार्वर्डमध्ये जीवरसायनशास्त्र व जिवाणुशास्त्र शिकवणारे हे डॉक्टर काही वर्षे आपल्या प्रती घेऊन स्टिगलिट्झ यांच्याकडे जात राहिले. दरवेळी उत्तर थोडक्यात असे : अधिक काम करा. दोष कोणता हे सांगितले जात नसे. तो घरी जाऊन स्वतः शोधावा लागे. १९३८ मध्ये स्टिगलिट्झ यांनी चित्रे पाहून ती आपल्या दालनात लावण्याची इच्छा व्यक्त केली आणि डिसेंबरअखेर प्रदर्शन सुरू झाले. १९३९ साली पोर्टर यांनी हार्वर्ड सोडले. मौनाची ही रीत फळाला आली खरी, परंतु ती रीत म्हणून स्वीकारार्ह नाही. तिच्यामागे स्टिगलिट्झ यांचा अधिकार होता आणि समोर पोर्टर यांच्यासारखा, फसलेला प्रयोग पुन्हा करून पाहण्याची सवय असलेला वैज्ञानिक होता. त्याच दारातून निराश होऊन परतलेल्यांची गणती कोणी ठेवलेली नाही.

पोर्टर यांना खरी दिशा मिळाली ती एका व्यावहारिक शेऱ्यातून. बोस्टनमधील प्रकाशनसंस्थेचे संपादक पॉल ब्रूक्स यांनी त्यांची पक्ष्यांची चित्रे पाहून, कृष्णधवल चित्रात पक्षी ओळखता येत नाहीत, असे सांगितले. पोर्टर रंगाकडे वळले. तेथून पुढे दगडफूल, पानगळ, ओल्या वाळूचा खडक यांचा पोत केवळ सावल्यांचा न राहता रंगांचाही झाला. १९६० साली त्यांचे धाकटे बंधू, चित्रकार व समीक्षक फेअरफील्ड पोर्टर यांनी 'द नेशन' मध्ये या चित्रांवर लिहिले. या चित्रांत विषय आणि पार्श्वभूमी असा भेद उरत नाही, प्रत्येक कोपरा सारखाच जिवंत असतो, हे निरीक्षण त्यांचे. मॉर्टेन्सन यांनी जो दोष मानला होता, म्हणजे प्रधान-गौण भावाचा अभाव, तोच येथे गुण म्हणून ओळखला गेला. १९६३ मध्ये 'द प्लेस नो वन न्यू' हे पोर्टर यांचे पुस्तक प्रसिद्ध झाले. त्यात ग्लेन कॅन्यनच्या, धरणामुळे पाण्याखाली जाऊ घातलेल्या, खडकभिंतींचे पोत आहेत. खडकाच्या चित्राला सामाजिक अर्थ काय, या १९३४ च्या प्रश्नाला ॲडम्स यांच्या वाक्यापेक्षा हे पुस्तक अधिक चांगले उत्तर देते.

वर्गातील वाचन

छायाचित्रावर बोलायचे कसे, हे शिकवण्याचा पद्धतशीर प्रयत्न मायनर व्हाइट (१९०८–१९७६) यांनी केला. १९४६ पासून सॅन फ्रान्सिस्कोच्या कलाविद्यालयात शिकवताना ते विद्यार्थ्यांना पॉइंट लोबोसवर वेस्टन यांच्या भेटीस नेत. १९५२ साली सुरू झालेल्या 'ॲपर्चर' या त्रैमासिकाचे ते दीर्घकाळ संपादक होते आणि 'छायाचित्राचे वाचन' ही कल्पना त्यांनी त्यातून रुजवली. विद्यार्थ्याने शांत बसावे, चित्र बराच वेळ पाहावे, मत देण्याची घाई करू नये आणि मग काय अनुभवले ते सांगावे, अशी त्यांची शिस्त होती. खडकाच्या पापुद्र्यांत कोणाला चेहरा दिसे, कोणाला जखम. करणाऱ्याने ते ऐकून घ्यावे, खोडून काढू नये. वेस्टन यांनी रिव्हेरा यांची प्रतिक्रिया दैनंदिनीत उतरवून ठेवली होती, त्याच वृत्तीला येथे वर्गाचे रूप मिळाले. या पद्धतीत चित्रापेक्षा वाचकाचे मनच अधिक उघडे पडते, हा तिच्यावरील आक्षेप मात्र रास्त आहे. खडक साधला आणि कोबी साधला नाही, असे सांगण्याची सोय तीत नाही.

इतिहासलेखनातील वगळणूक

समीक्षेचा सर्वांत दूरगामी परिणाम ती इतिहासग्रंथात शिरते तेव्हा दिसतो. ब्यूमाँट न्यूहॉल यांनी १९३७ साली न्यूयॉर्कच्या आधुनिक कलासंग्रहालयात छायाचित्रणाच्या शंभर वर्षांचे प्रदर्शन भरवले आणि त्याच्या सूचीतून पुढे 'द हिस्टरी ऑफ फोटोग्राफी' हा ग्रंथ आकाराला आला. अनेक पिढ्यांनी तो प्रमाण मानला. न्यूहॉल आणि ॲडम्स हे निकटचे स्नेही. १९४० साली त्या संग्रहालयात छायाचित्रण विभाग सुरू झाला तो दोघांच्या सहभागाने. त्या ग्रंथात वेस्टन आणि ॲडम्स यांना मानाचे स्थान मिळाले. मॉर्टेन्सन यांचा त्यात उल्लेख नाही. त्यांच्या चित्रांवर प्रतिकूल लिहिले गेले असते, तरी पुढच्या वाचकाला ती शोधून पाहावीशी वाटली असती. उल्लेखच नसल्याने शोधायचे काय, हेच कळेनासे झाले. १९७० च्या दशकापासून ए. डी. कोलमन यांच्यासारख्या समीक्षकांनी या वगळणुकीकडे लक्ष वेधले, तेव्हा मॉर्टेन्सन यांच्या मृत्यूला दहा वर्षे होत आली होती.

ॲरिझोना विद्यापीठात १९७५ साली 'सेंटर फॉर क्रिएटिव्ह फोटोग्राफी' हे केंद्र स्थापन झाले. ॲडम्स त्याच्या संस्थापकांपैकी एक होते. त्यांचा स्वतःचा संग्रह तेथे आहे आणि वेस्टन यांचाही आहे. मॉर्टेन्सन यांची कागदपत्रे व प्रतीही याच केंद्रात ठेवलेल्या आहेत, आणि १९९८ साली या केंद्रानेच त्यांच्यावर 'विल्यम मॉर्टेन्सन : अ रिव्हायव्हल' हे पुस्तक प्रसिद्ध केले.